बरकतीचा नग

आमच्या गोदामात कागदावरचा माल आणि रॅकवरचा माल यांत एका नगाचाही फरक निघणार नाही, असं मी मालकांना लेखी दिलं होतं. तोंडी दिलं असतं तर निदान नंतर नाकारता आलं असतं.

गोदाम इंदूरला, सांवेर रोडवर. पाण्याच्या मोटारींचे सुटे भाग, एक हजार एकशे बासष्ट प्रकारचे. मी सांगलीहून आलेला स्टॉक मॅनेजर, सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. विजय नगरात दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला होता. त्यात एक गादी, एक कुकर आणि खूप प्रतिध्वनी. बायको, ऋजुता, सांगलीच्या शाळेत शिकवते. मला पक्कं झाल्याचं पत्र मिळालं की ती राजीनामा देऊन इकडे येणार, असं आमचं ठरलं होतं.

पत्र अडलं होतं एजन्सीवर. मोटारी बनवणारी एक मोठी कंपनी आम्हाला अख्ख्या शहराची एजन्सी देणार होती. अट एकच, त्यांच्या ऑडिटरच्या तपासणीत नोंदी आणि माल जुळले पाहिजेत. तपासणी शनिवारी होती. जुळलं की एजन्सी, एजन्सी आली की पत्र, पत्र आलं की ऋजुता. साखळी इतकी सरळ होती की मी पडद्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवली.

मोजणी मी शास्त्रशुद्ध पद्धतीने केली. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने रॅककडे पाहायचंच नाही, म्हणजे त्याचं मन कलुषित होत नाही. मी रॅककडे पाठ करून कम्प्यूटरसमोर बसलो. मोजायला नथू काका.

नथू काका म्हणजे आमचे स्टोअरकीपर. वय एकसष्ट, राहणार महू. वडील फौजेत होते, त्यामुळे काका हुकूम पाळतात, कारण विचारत नाहीत. रोज सकाळी नऊ वाजता ते गोदामातली माणसं बोटाने मोजतात आणि तितक्याच प्लेट पोहे कोपऱ्यावरून मागवतात. आम्ही सातजण होतो. सहा महिन्यांत एक प्लेट कमी नाही, एक जास्त नाही. असा माणूस मोजणीला मिळाला, म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजलो.

"दोन इंचाचं सील, पाच," काका ओरडले.

कम्प्यूटर म्हणत होता सहा.

"बेअरिंग, तेरा."

कम्प्यूटर म्हणत होता चौदा.

तीन दिवसांनी मोजणी संपली तेव्हा एक हजार एकशे बासष्ट प्रकार आणि तेवढेच फरक होते. प्रत्येक फरक एका नगाचा. मी शांतपणे विचार केला. इतकी समान चोरी कोणताही चोर करत नाही; तेवढी शिस्त असती तर तो नोकरीच करता. म्हणजे दोष कम्प्यूटरचा. मी प्रत्येक आकड्यातून एक वजा करण्याची आज्ञा दिली. अर्ध्या मिनिटात फरक शून्य झाला.

मालक बाळकृष्णजी खूश झाले. त्यांची तिसरी पिढी इंदुरात. म्हणाले, "क्या बात है श्रीहरीजी, आता लेटर टाइप करूनच ठेवतो मी."

हे झालं गुरुवारी. शुक्रवारी दुपारी विक्री सांभाळणाऱ्या शालिनीने हाक मारली. एका गिऱ्हाइकाला तीन इंचाचं सील हवं होतं, कम्प्यूटर शून्य दाखवत होता. लेबल नीट लागलंय का पाहावं म्हणून मी त्या रॅकपाशी गेलो. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. खोक्याच्या तळाशी एक सील होतं, लाल दोरा बांधलेलं.

"काका, हे काय?"

"तीन इंचाचं सील."

"मग मोजलं का नाही?"

"अरे साहेब, वो तो बरकतीचा नग आहे. तो थोडाच मोजतात."

"बरकतीचा म्हणजे?"

"मालकांच्या आईंचा नियम. हर आयटमचा एक नग ठेवायचा. विकायचा नाही, मोजायचा नाही. रॅक रिकामी पडली की बरकत जाते."

मी बाजूच्या खोक्यात हात घातला. लाल दोरा. त्याच्या बाजूला, लाल दोरा. मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला जे खोकं होतं त्यातही एक असणार.

"काका, तुम्ही मानता हे?"

"अपन कुठे मानतो. मी बुद्धविहारात जातो, साहेब. पण पगार इथे घेतो ना? हुकूम तो हुकूम."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही पाठ करून बसला होता. वाटलं, तुमचाबी काही नियम असेल."

मी निक्षून सांगितलं, "हे पाहा, उद्या ऑडिटर येणार. कम्प्यूटर आणि रॅक जुळलंच पाहिजे. एका नगाचा फरक चालणार नाही."

"टेन्शन नका घेऊ. जुळवतो," काका म्हणाले.

हा शब्द मी ऐकला. त्यावर विचार केला नाही. मालकांना फोन लावला. ते तपासणी पार पडावी म्हणून खजरान्याला गणपतीच्या रांगेत होते आणि फोन गाडीत होता. मग मी कम्प्यूटरपाशी बसून प्रत्येक आकड्यात एक मिळवला, अर्ध्या मिनिटात, आणि घरी जाऊन ऋजुताला सांगितलं की राजीनाम्याचा मजकूर तयार ठेव.

शनिवारी दहाला ऑडिटर वसुंधरा मॅडम पुण्याहून आल्या. चहा नको म्हणाल्या, पंखा नको म्हणाल्या. पन्नास प्रकारांची यादी काढून त्यांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली.

"दोन इंचाचं सील. नोंद सहा, माल पाच."

मी हसलो. "मॅडम, मागे हात घाला. लाल दोऱ्याचा एक असेल."

त्यांनी हात घातला. बाहेर काढला. हाताला धूळ होती.

"बेअरिंग. नोंद चौदा, माल तेरा."

पन्नासच्या पन्नास प्रकारांत एक कमी. मॅडमनी चष्मा पुसला. "पंधरा वर्षांत इतका शिस्तबद्ध गोंधळ पाहिला नव्हता," त्या म्हणाल्या.

मी नथू काकांकडे पाहिलं. काका समाधानाने उभे होते. "जुळलं ना, साहेब? काल संध्याकाळी चार घंटे लागले. गुडघा गेला कामातून."

"काय केलंत, काका?"

"बरकतीचे सगळे नग काढले रॅकवरून. तुमच्या कम्प्यूटरमध्ये ते नव्हते ना."

नव्हते. शुक्रवारी चारपर्यंत नव्हते.

काकांनी जिन्याखालून वडिलांची फौजी ट्रंक ओढत आणली आणि झाकण उघडलं. आत एक हजार एकशे बासष्ट नग एकत्र ओतलेले, लेबल कशालाच नाही, वर लाल दोऱ्यांचं जंगल. मॅडमनी त्यातून एक काळी रबरी चकती उचलली. "हे काय?"

"पाणबुडी मोटारीचं, दीड इंची, जुनं मॉडेल," काका म्हणाले.

दुसरी उचलली. तीही काकांनी सांगितली. तिसरी त्यांनी न पाहता, नुसती बोटांनी चाचपून सांगितली.

"आणि याची नोंद?"

"ही काय, सांगितली ना."

"कागदावर, काका."

"कागदाला काय माहीत, मॅडम?"

मॅडमनी दोन ओळींचा अहवाल लिहिला. माल पूर्ण आहे. नोंदी एका एकसष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या बोटांत आहेत. एजन्सी दुसऱ्या कोणाला तरी गेली. मी नंतर शांतपणे हिशेब केला: आम्हा दोघांपैकी कोणीही एकाने शुक्रवारी काहीच केलं नसतं, तर सगळं जुळलं असतं. मी सांगलीलाच राहिलो असतो, तरीही जुळलं असतं.

बाळकृष्णजी रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. एजन्सी नाही म्हणून त्यांनी माणसं कमी केली. माल चढवणारे दोघे गेले, शालिनी गेली. मग त्यांनी मला बोलावलं.

"लेटर तर आता नाही देता येणार, श्रीहरीजी. काम पण नाही तसं. पण काढणारबी नाही. आई म्हणायची, हर प्रकारातला एक ठेवायचा."

कम्प्यूटर विकला. माझं टेबल जिन्याखाली गेलं, ट्रंकेच्या शेजारी. फोनवर ऋजुताने विचारलं, "काढलं का तुला?"

"नाही."

"मग पक्कं केलं?"

"तेही नाही."

"मग तू आहेस तरी काय तिथे?"

मी म्हटलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नथू काकांनी नेहमीप्रमाणे बोटाने माणसं मोजली आणि पोहे मागवले. मालक, काका, पॅकिंगच्या प्रभावतीबाई आणि मी. प्लेटा आल्या. मी मोजल्या. या वेळी पाठ न करता, नीट समोर उभं राहून, दोनदा मोजल्या.

तीन.