ऊन नको, उजेड पायजे

आमच्या शेजारच्या मारुतरावांकडं चहा हवा असेल, तर आधी त्यांच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभं राहावं लागतं. विमा एजंट असो की कुणाचा जावई. मारुतराव त्याला खांद्यांना धरून वळवतात, तोंड निरखतात, "हां, आता दिसलासा पावणं," म्हणतात आणि मगच आधण ठेवायला जातात.

हे खूळ मिलमधलं. आमच्या गल्लीमागच्या जुन्या कापड मिलमध्ये यंत्रांना तेल घालण्यात त्यांची उमर गेली. मिलचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती, कौलांची. दुसरी उभी, काचेची. सगळ्या काचा उत्तरेला. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा ते बघून सासऱ्यांसमोरच विचारलं होतं, "गवंडी प्यायला होता काय?" मॅट्रिक पास झाले होते ना, जगातलं सगळं कळतं अशी खात्री होती. सासरे नुसते खोकले. कुंपणापलीकडून मारुतराव म्हणाले, "वैनी, उत्तरंला ऊन येत न्हाय. ऊन नको, उजेड पायजे. सावली न पाडणारा."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या कानाला चिकटलंय. माझे पापडसुद्धा या माणसानं उचलून सावलीत नेले, उन्हात त्यांचा रंग खरा दिसत नाही म्हणून. पापड आंबले, रंग मात्र खरा दिसला.

माझ्या नातीला बघायला आमच्याकडं पाहुणे आले तेव्हा तर कहर. मी चपला लावतेय तोवर मारुतरावांनी खुर्च्या फिरवल्या. पाहुणे खिडकीकडं तोंड करून एसटीत बसल्यासारखे ओळीनं बसले आणि नात पोहे घेऊन त्यांच्या पाठीमागं उभी.

"भाऊजी, मुलगी बघायला आलेत ते."

"पोरगी रोजचीच हाय. पोरगा नीट बघाय पायजे की."

पाहुणे गेले ते गेलेच.

आणि हा उजेडाचा वेडा घरात बायकोचा फोटो लावत नाही. शालनवहिनी त्याच मिलमध्ये रिळावर, सूत गुंडाळायच्या कामाला होत्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. लग्नातला एकच फोटो, त्यातही पदराची सावली पडून निम्मा चेहरा काळा. "ती न्हवं ती," एवढंच म्हणतात आणि फोटो परत ट्रंकेत.

आता ती बंद पडलेली मिल जतन करायची ठरलीय. पण काचा गळतात, म्हणून तिथं पत्रा ठोकायचा आणि आत ट्यूबलाइट लावायची, असं ठेकेदारानं काढलं. मारुतराव रोज जाऊन भांडायचे. ठेकेदार म्हणायचा, "आजोबा, उजेड पडल्याशी कारण." एका दुपारी ते माझ्या दारात आले.

"वैनी, सूप घ्या. तांदूळ बी घ्या. खडं असल्यालं."

गल्लीतल्या सगळ्या बायकांना त्यांनी तसंच काढलं होतं. मिलच्या फरशीवर त्या काचांखाली आम्ही तांदूळ निवडायला बसलो आणि कामाची देखरेख करणाऱ्या इंजिनिअर बाई बघत राहिल्या. मी चष्मा घरीच विसरलेले. वाईट एवढंच वाटतं, की तरी मला खडे दिसले. मारुतराव चुकले असते तर मला चिडवायला वर्षभर पुरलं असतं.

त्या बाईही सूप घेऊन बसल्या. त्यांना निवडता येत नव्हतं, पण उठताना ठेकेदाराला म्हणाल्या, "काचाच बसवा. सांधे नीट भरा."

काचा बसल्या. परवा मारुतराव मला बघायला घेऊन गेले. कामगार जेवायला गेले होते.

"वैनी, त्या खांबाजवळ जरा उभ्या ऱ्हावा. उत्तरंला तोंड करून."

तरुण असते तर लाजून खांबाआड गेले असते. तेव्हा मला वाटायचं, सगळी गल्ली माझ्याकडंच बघते. आता गुडघा दुखत होता. पदर नीट केला आणि उभी राहिले. मारुतराव बघत होते. बराच वेळ.

"शालनचं रीळ हितंच हुतं," ते म्हणाले. "तोंड समदं दिसायचं."

मी वळून खांबाजवळची फरशी बघितली.

"वैनी, जरा बाजूला सरता का?"

मी सरले. ते तसेच त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले.