सागासमोर सागच हवा!

एका जंगलात, बाळांनो, कागदच नव्हता. म्हणून सापाच्या विषावरचं औषध तिथं एका शिडीत लिहून ठेवलं होतं. हसू नका, ऐका!

शिडीची प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची, मधोमध जोडलेली. लाकडं चारच. साग आणि जांभूळ लांब, बोर आणि बाभूळ आखूड. सागासमोर बोरच, दोन खुंट्यांनी जोडलेलं. जांभळासमोर बाभूळच, तीन खुंट्यांनी. डावीकडच्या तुकड्यांचा वरून खाली क्रम म्हणजे औषधाची कृती. उजवी बाजू नुसती जोडीदार.

एका वर्षी वाळवीनं डावी बाजू फस्त केली. सिंहमहाराजांनी कपाळाला हात लावला.

"महाराज, उजवी शाबूत आहे ना?" ठकूताई म्हणाली. ती सुतारपक्षीण. "बोर दिसलं की समोर साग, बाभूळ दिसली की जांभूळ. ती बाजूच सगळं सांगते. संध्याकाळपर्यंत देते करून."

"समितीशिवाय?" कोल्हेसाहेब कडाडले. "आणि सागासारख्या खानदानी लाकडासमोर बोर? शोभतं का हे?"

झालं! काम कोल्हेसाहेबांना मिळालं. त्यांनी सागासमोर साग ठोकला, बोरासमोर बोर. शिडी कुठं फुगली, कुठं तुकडे एकमेकांना पोचेचनात. तिथं चिखल भरून वरून रंग दिला. उद्घाटनाला लाडू होते.

आठवड्यातच ठकूताईच्या नवऱ्याला, धोंडूला, नाग चावला. वैद्य अस्वलकाका धावत आले आणि नवी डावी बाजू वाचू लागले.

"सापाला मध चाटवा."

"अहो, चावलंय ह्यांना! सापाला कसला मेला मध?"

"लिहिलंय तेच वाचतोय, बाई."

धोंडूची मान कलंडली. ठकूताईनं रंग खरवडून डावीकडचे सगळे तुकडे उखडले. उजवीकडे बघत, रडत रडत, एकेक जोडीदार बसवत गेली. दोन खुंट्या, तीन खुंट्या, ठक ठक ठक.

काकांनी पुन्हा वाचलं, पाला कुटला, रस पाजला. धोंडूनं डोळे उघडले आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. शिडी अचूक चालल्याबद्दल कोल्हेसाहेबांना शाल-श्रीफळ मिळालं. सरकारी रंग खरवडल्याबद्दल ठकूताईला जंगलाबाहेर काढलं.

"चला हो," ती धोंडूला म्हणाली. "झाडं काय, सगळीकडे असतात."

तात्पर्य : जोडी जुळवताना माप बघू नये, खानदान बघावं. बिघडलंच काही, तर दुरुस्त करणारीला आधी हाकलावं. म्हणजे बिघडवलं कुणी, हे ठाऊक असणारं कुणी उरत नाही.