आईपर्यंतचं हवाई अंतर

उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातल्या माझ्या कुगलुकटुकहून बहिणीचं पांगनिर्टुंग सरळ रेषेत पूर्वेला दोन हजार किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून मी शेजाऱ्यांना ऐकवलं होतं, "तीन-चार तासांचा प्रश्न. रानहंस जातात, मला काय धाड भरलीय?" रानहंसांना यलोनाइफमध्ये विमान बदलावं लागत नाही, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

जाणं भाग होतं. माझ्या धाकट्या बहिणीला, लीटियाला, मुलगी झाली होती आणि तिला आमच्या दिवंगत आईचं नाव दिलं होतं: काउनाक. आमच्यात नाव परतलं की माणूस परततं; म्हणून ती तान्ही माझी आईच. आधीच्या खेपेला धुक्याने मला तिच्या दफनाला पोहोचू दिलं नव्हतं. या खेपेला तिच्या हृदयाला छिद्र निघालं होतं. शस्त्रक्रियेसाठी दक्षिणेतल्या मोठ्या शहरात नेण्यापूर्वी तिचा हात हातात घ्यायचा होता. नवजाताशी हात मिळवल्याशिवाय आपण त्याचे आहोत हे त्याला कळणार कसं?

यलोनाइफहून थेट पूर्वेला जाणाऱ्या विमानात एकच जागा उरली होती. घरच्या आजारपणाची निकड असणाऱ्याला ती आधी मिळणार होती.

"कोण आजारी?" काउंटरवरच्या, दक्षिणेतून नव्यानेच आलेल्या तरुणाने विचारलं.

"आई."

"वय?"

"अकरा दिवस."

त्याने मान वर केली. "काका, मागे रांग आहे."

"थट्टा नाही हो. माझी बहीण पाजतेय तिला."

"तुमची बहीण, तुमच्या आईला?"

"तिचीही आईच की ती."

मागचा ढेरपोट्या कंत्राटदार खोकल्याच्या मिषाने हसला. मी दफनापासून सुरुवात केली आणि उरलीसुरली अब्रूही घालवली.

"आई वारली की आजारी आहे? एक काय ते ठरवा."

"दोन्ही."

जागा कंत्राटदाराला मिळाली.

मला उरला एडमंटन, ओटावा, इकालुइट असा फेरा. पूर्वेकडे जाण्यासाठी मी दक्षिणेला निघालो. पांढरं संपलं, झाडं आली, रस्त्यांची जाळी आली, आणि माझी सरळ रेषा त्या जाळीत हरवून गेली. ओटावाच्या विमानतळावर अख्खा दिवस एका खुर्चीत काढला. लीटियाला फोन लावला, तर नुसताच वाजत राहिला. आईला घेऊन झोपली असेल, म्हणून मी काचेपलीकडचं शहर निरखत बसलो. त्या शहरात माझं कोणीच नव्हतं.

पांगनिर्टुंगच्या धावपट्टीवर लीटियाची शेजारीण, म्हातारी ईना, भेटली.

"पॉलूसी, तू इथे कसा?"

"आईला भेटायला."

"अरे, तिला परवाच रुग्णविमानाने नेलं. ओठ निळे पडले होते. धांदलीत लीटियाचा फोन माझ्याकडेच राहिला. वाजत होता मेला, मला उचलता येतोय कुठे."

"कुठे नेलं?"

"ओटावाला. तू कुठून आलास?"

"ओटावाहून," मी बुटांकडे पाहत म्हणालो. ईनाला हसू फुटलं. मग तिने बाहीने डोळे टिपले.

ईनाच्या घरून मी ओटावाला परतण्याच्या जागेसाठी विमान कंपनीला फोन केला. पलीकडे पुन्हा दक्षिणेतला आवाज.

"कोण आजारी?"

"भाची," मी म्हणालो.

जागा तत्काळ मिळाली. ईनाने खिडकीशी जाऊन बाहेर पाहिलं.

"धावपट्टीवर धुकं उतरतंय," ती म्हणाली. "चहा टाकते."