अण्णांच्या गाडीतली डबी

लेकीने गाडीच्या स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढी काळी डबी बसवली, तेव्हा अण्णा चपला घालून दारातच उभे होते.

"ही काय करते?"

"गाडी कुठे गेली, किती जोरात गेली, कुठे थांबली, सगळं माझ्या मोबाइलवर दिसतं."

"म्हणजे चुगलखोर आहे."

"बाबा, परवा गाडी फाटकाला घासलीत. आता काही वेडंवाकडं दिसलं, तर किल्ली माझ्या कपाटात. आधीच सांगून ठेवते."

अण्णांचा सगळा जीव त्या किल्लीत. जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर सोफ्यावर बसले तरी समोरून कोणी आलं की उजवा पाय ब्रेक दाबायचा. त्यांनी मुकाट मान हलवली आणि रोजच्यासारखे 'बागेत फिरायला' निघून गेले.

आठवड्याने जेवताना लेकीने विषय काढलाच.

"बाबा, बाग पश्चिमेला आहे. तुम्ही रोज पूर्वेला जाता."

"तिकडे वारा चांगला असतो."

"आणि पाण्याच्या टाकीपाशी, शाळेपाशी, दवाखान्यापाशी थांबता ते?"

"दम घेतो."

"गाडी चालवून दम लागतो?"

खरं बोलावं तर किल्ली जाते, खोटं बोलावं तर डबी बोलते. इकडे आड, तिकडे विहीर. "वय झालं, पोरी," अण्णा म्हणाले आणि फसले. दुसऱ्याच दिवशी लेकीने त्यांना डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. एवढी वाईट बातमी अण्णांनी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

घरी येताना लेक हळूच म्हणाली, "आई जाऊन बरीच वर्षं झाली. कोणी असेल तर सांगा. मी रागावणार नाही."

अण्णांचे कान लाल झाले.

सकाळी टाकीच्या थांब्यावर नेहमीची मंडळी उभी होती: शिवणकाम करणारी मावशी, दवाखान्यातली नर्स आणि शाळेतले मास्तर. अण्णा निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांच्या मार्गावरची बसही बंद झाली. तेव्हापासून हे तिघे अण्णांच्या गाडीत. आज रांगेत आणखी एक बाई होती, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. ती पुढे बसली.

"सरकून घ्या. तुम्हाला कुठे, ताई?" गाडी पुढे काढत अण्णांनी विचारलं.

"बागेत."

अण्णांचा पाय ब्रेकवर पडला. मागचे तिघे पुढच्या सीटवर आपटले. लेकीने तोंडावरची ओढणी सोडली.

"ताई, किल्ली नका हो काढून घेऊ," मावशी काकुळतीला आली. "चालत गेले तर दुकानात पोचेपर्यंत दुपार होते."

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, आराम करा. आरामानेच मरेन गं मी."

लेकीने मागे वळून तिघांकडे पाहिलं. मग म्हणाली, "किल्ली राहू द्या तुमच्याकडेच."

अण्णांना भरून आलं. ते काही बोलणार, तेवढ्यात मास्तरांनी मान पुढे काढली. "ताई, ती डबी आमच्याही मोबाइलवर दिसेल का? गाडी कुठवर आली ते कळेल. उन्हात उभं राहायला नको."

"का नाही?" लेकीने तिथेच सगळ्यांचे मोबाइल मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी अण्णा निवांतपणे पुलापाशी चहाला थांबले. पहिला घोट घेतात तोच फोन वाजला.

"अण्णा, गाडी हलत नाहीये," नर्स म्हणाली.

तो ठेवला तर मावशी. "चहा असेल. एकच कप घ्या हं."

मग मास्तर. "मघाशी वळणावर जरा जोरात घेतलीत."

नोकरीत अण्णांच्या डोक्यावर एकच तपासनीस होता आणि तोही अधूनमधून रजेवर जायचा. अण्णांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि गाडी सुरू केली.