लेंडी डॉक्टर

कौसा गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही नवराबायकोनं मिळून काय केलं, तर शेरडांच्या लेंड्या निवडल्या. सुपात घेऊन, तांदूळ निवडावेत तशा. ताज्या एकीकडं, वाळक्या एकीकडं. दर शेरडाची डबी वेगळी. मी म्हणलो, "लोक म्हातारपणी माळ ओढतात, आपण लेंड्या निवडतोय." ती म्हणाली, "डॉक्टरसायबाला सकाळी पायजेत. तोंड कमी, हात चालवा." दुसऱ्या दिवशी सकाळी डब्या पोचवून आली, नि दुपारी गोठ्यातच छातीत कळ येऊन बसल्या जागी गेली.

हा डॉक्टर म्हणजे आमच्या हर्सूलच्याच दुसऱ्या टोकाला राहणारा. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेला, एकटा, सडाफटिंग. जनावराच्या पोटातले जंत हाच त्याचा संसार. कुठलं पाणी पिऊन, कुठलं गवत खाऊन जनावराच्या काळजात चपटा किडा जातो, त्याचा तो नकाशा करायचा. कागदाला कागद चिकटवून भिंतभर नकाशा. धोक्याची जागा तांबडी, बिनधोक हिरवी. लोक त्याला लेंडी डॉक्टर म्हणायचे. त्याला राग नाय. "बरोबर आहे. पुरावा तिथंच सापडतो," म्हणायचा.

कन्नडच्या बाजारात लोक शेरडाचे दात बघतात, हा मागं उकिडवा बसून वाट बघायचा. एक बाई म्हणाली बी, "मालक, तोंड हिकडं हाय." शहागंजात खाटकाकडून काळीज घ्यायचा. स्वतः अंडंसुद्धा न खाणारा माणूस, पण काळीज चिरून आत किडे शोधायचा. घेताना शंभर सवाल. बकरी कौनसे गाँव की? पानी कहाँ पीती थी? शेवटी खाटीक वैतागला, "साब, कलेजी लेनी है के रिश्ता जमाना है?" लग्नात पंगतीतून मधीच उठायचा, मोरीचं पाणी कुठं जातं बघायला. नवऱ्यामुलाच्या बापाला विचारायचा, "पाणी पाहिलं का, पाणी?"

आता खरं सांगतो. मला हा माणूस डोळ्यांपुढं नको व्हायचा. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. कौसानं तर शाळेचं तोंडही बघितलं नव्हतं. पण ह्यानं तिला नकाशा वाचायला शिकवला. मग काय, भाकरी थापता थापता मला सांगायची, तळ्याची उगवतीकडची कड तांबडी हाय, मावळतीची हिरवी. डॉक्टरसायेब असं म्हणले, डॉक्टरसायेब तसं म्हणले. मी म्हणायचो, "डॉक्टरसायेब भाकरीला काय म्हणले? करपली ती."

आन् रोज सकाळी शेरडं गावतळ्यावर पाण्याला न्यायची ती लांबच्या वाटेनं, त्याच्या फाटकावरून. आमचं स्वतःचं शेततळं घराच्या मागं हाकेवर. दुष्काळात मी एकट्यानं खणलेलं. ते सोडून ही बया कोसभर वळसा घालायची. एकदा मी गुपचूप मागं गेलो. बघतो तर दोघं समोरासमोर उकिडवे, मधी एक गोगलगाय, आन् दोघं हसतायत. गोगलगायीत हसण्यासारखं काय असतं, मला आजवर कळलं नाय. चार दिवस मी तिच्याशी बोललो नाय.

कौसा गेल्यावर डॉक्टर रोज यायचा, पण घरात नाय. गोठ्याजवळ दगडावर बसून जायचा. तेरावा झाला त्या दिवशी पाव्हणे पांगल्यावर तो नकाशाची गुंडाळी काखेत मारून आला.

"किसनराव, उद्यापासून शेरडं कोण नेणार?"

"मीच. मागं माझं तळं हाय की."

"तिथं नका नेऊ."

त्यानं नकाशा उलगडला. सगळीकडं तांबडं-हिरवं, आन् एक चिंचोक्याएवढी जागा पांढरी. माझं तळं.

"तिथल्या गोगलगायींत किडा आहे. कडेच्या ओल्या गवतातून शेरडांना लागतो. किडा सापडला तेव्हाच मी वहिनींना सांगितलं, औषधही दिलं. पण त्यांनी मला शपथ घातली. म्हणाल्या, ह्यांनी रक्त आटवून खणलंय. त्यात दोष हाय कळलं तर माणूस झुरंल. मी शेरडं दुसरीकडं नेते, तुम्ही तेवढी जागा कोरी ठेवा."

मी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"उभ्या जन्मात मी नकाशात एवढंच खोटं ठेवलं, किसनराव. आता त्या नाहीत, म्हणून सांगावं लागलं." मग कागद गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाला, "तसा हा बघायला येत तरी कोण होतं? ऑफिसात कुणी कधी मागितला नाही. त्या यायच्या. चुका काढायच्या."

माणूस रडत नव्हता, पण गुंडाळी काही नीट होईना. मी धरू लागलो. आत मात्र जळत होतो. मेल्यावरसुद्धा तिचं एक बोलणं ह्याच्यापाशी माझ्यापेक्षा जास्त निघालं. आन् तेबी माझ्याबद्दलचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेरडं दावणीलाच ठेवली, वाळका चारा टाकला आन् फावडं घेऊन तळ्यावर गेलो. बांधाची माती आत लोटायला लागलो. थोड्या वेळानं डॉक्टर आला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"थांबा, थांबा! आधी गोगलगायी मोजू द्या."

"मोजा."

त्यानं मोजल्या. मग विचारलं, "नकाशात काय लिहू?"

"हाय ते लिवा. तांबडं. आन् खणणाऱ्यानंच बुजवलं म्हणून लिवा."

त्यानं लिहिलं, वही खिशात घातली आन् बांधावर पडलेलं माझं जुनं फावडं उचललं. त्याला धरायचंच कळत नव्हतं, माती त्याच्याच पायावर पडत होती. मी जवळ गेलो, त्याचा खालचा हात सरकवून दांड्यावर नीट बसवला आन् म्हणलो, "असं. कमरेतून वाका, डॉक्टरसायेब."