ऑर्फा आत्याच्या तव्यावर नऊ थर

लग्नाच्या बावीस वर्षांत होइटने एकदाच भांडी धुतली. तीही स्वतः नाही, मशीनने. तेवढ्यानेच घराची वाट लागली.

सोमवारी संध्याकाळी नेल्डा शाळेची बस डेपोत लावून घरी आली. चाळीस पोरांनी दिवसभर डोकं खाल्लेलं. पाणी प्यायला ग्लास हवा म्हणून तिने भांडी धुवायच्या मशीनचं दार उघडलं. तोंडावर वाफ आली. वाफेमागे, खालच्या खणात, काट्या-चमच्यांच्या शेजारी ऑर्फा आत्याचा बिडाचा तवा उभा होता. सकाळी तो काळा कुळकुळीत होता. आता नारिंगी होता, शेतात टाकून दिलेल्या नांगरासारखा.

होइट मागे उभा होता. चेहरा असा, की आता कुणीतरी पाठ थोपटणार.

"हा यात कुणी घातला?"

"मी. शनिवारी तूच म्हणालीस ना, बावीस वर्षांत एक भांडं विसळलं नाहीस म्हणून."

हे खरं होतं. शनिवारी होइट ओट्यावर तासभर आपला मासेमारीच्या गळाचा रीळ उघडून बसला होता. आतल्या चाकाच्या प्रत्येक दाताला काडीने तेल, मऊ फडक्याने पुसणं, पुन्हा तेल. त्या रिळाला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. शेजारी सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर. तेव्हा नेल्डा बोलली होती, आणि जरा जास्तच बोलली होती. पण त्यातून या माणसाने हे काढावं?

तवा साधा असता तर गोष्ट वेगळी होती. आई गेली तेव्हा नेल्डा नऊ वर्षांची होती आणि धाकटी बहीण पॅटसी पाच. तेव्हापासून आत्यानेच दोघींना जेवू घातलं, याच तव्यात. नेल्डा स्टुलावर उभी राहून बघायची. तव्यात चरबी, तवा ओव्हनच्या भट्टीत, चरबीला धूर सुटला की वरून मक्याचं पीठ, चर्र आवाज, आणि वीस मिनिटांनी ताटात पालथा पाडलेला सोनेरी पाव. पुढे वाटण्या झाल्या. आईची गोधडी पॅटसीला. अंगठी पॅटसीला. घरही पॅटसीला, कारण तिला मुलं होती. नेल्डाला पाव ठेवायचा डबा मिळाला, झाकण मोडलेला. तिने कधी काही मागितलं नाही. हा तवा मात्र तिला हवा होता.

आत्या गुडघा बदलायला नॉक्सव्हिलला गेली होती. जाताना सहा आठवड्यांसाठी तवा नेल्डाकडे ठेवून गेली. आठवड्याला दोनदा त्यात काहीतरी शिजव आणि साबणाच्या जवळ नेऊ नको, एवढंच सांगितलं. येत्या रविवारी ती परत येणार होती, थेट चर्चमध्ये. वर्षातला मोठा रविवार तो. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी कोल्टर्स गॅपला परततात, आणि प्रार्थनेनंतर झाडाखाली लांब टेबलं मांडून जेवण होतं. तवा पुढे कुणाकडे जाणार, नेल्डाकडे की पॅटसीकडे, ते आत्या तिथेच सगळ्यांसमोर सांगणार होती.

आणि पॅटसी मक्याच्या पावात साखर घालते. टेनेसीत बाईबद्दल यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही.

"सहा दिवस आहेत," नेल्डा म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की होइट एक पाऊल मागे सरकला. "रविवारी हा काळा दिसला पाहिजे. कसा ते तू बघ."

होइट लाकूड गिरणीत आरा चालवायचा. बिघडलेलं इंजिन तो डोळे मिटून जोडेल, पण स्वयंपाकघरात त्याला मिठाचा डबा सापडत नसे. त्याला वाटलं, यात काय मोठं, दुसरा आणू. मंगळवारी तो बर्लच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेला. तिथे बिडाचे तवे वीसेक टांगलेले. पहिला त्याने उचलला, तो टेबलावर डुगडुगला. दुसऱ्याला केसाएवढी चीर. तिसरा मस्त काळाभोर निघाला, होइट खूश झाला, मग बोटं बघितली तर बोटंही काळी. कुणीतरी शेगडीचा रंग फासला होता. चौथा मापाला बरोबर होता. पण आतला पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत.

बर्ल काउंटरमागून सगळं बघत होता. तो म्हणाला की ऑर्फाबाईंच्या तव्यासारखा शोधत असशील तर वेळ घालवू नकोस. त्यांच्या तव्याच्या बुडाला एका जागी टवका उडालाय, मुठीखाली तीन रेघा आहेत, आणि हे सगळ्या खोऱ्याला पाठ आहे. मग त्याने विचारलं, पण तुला कशाला हवाय? होइटने तवा जागेवर टांगला आणि बाहेर पडला. बर्लसारख्या माणसाला तेवढं पुरे होतं.

म्हणजे बदली तवा चालणार नव्हता. घरी येऊन होइटने तारेच्या घासणीने गंज काढला. बुधवारी दुपारपर्यंत तवा नागवा, उंदरासारखा करडा झाला. आता त्याला तेल पाजून मुरवायचं होतं. होइटने हिशेब केला, की थोड्या तेलाने तवा थोडा मुरत असेल तर जास्त तेलाने जास्त मुरेल. अर्धी बाटली ओतली, भट्टी शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली आणि अंगणात आपल्या नावेवर ताडपत्री नीट करायला गेला.

नेल्डा डेपोतून घराच्या वळणावर आली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर निघत होता आणि समोरच्या म्हातारीचा फोन करून झाला होता. गावचं अग्निशमन दल म्हणजे बिनपगारी सहा माणसं आणि एक लाल गाडी. आणि दलाचा प्रमुख कोण? व्हर्लन. पॅटसीचा नवरा.

भोंगा ऐकू आला तसा होइट आत पळाला. त्याने दोन जाड हातमोजे घातले, धगधगता तवा उचलला आणि मागच्या दाराने बाहेर. लपवायला जागा एकच दिसली. त्याने तवा नावेत टाकला आणि वर ताडपत्री ओढली. व्हर्लन घरभर फिरला, भट्टीत डोकावला, काय जळलं ते विचारलं. नेल्डाने मांस जळलं म्हणून सांगितलं. बुधवारी एवढं मांस, असं म्हणून व्हर्लन हसला आणि गेला. मग ताडपत्री काढली. नावेच्या प्लॅस्टिकच्या बाकाला आरपार गोल भोक पडलं होतं, तव्याच्या मापाचं. त्या आठवड्यात नेल्डाला बरं वाटलं ते फक्त तेवढ्यापुरतं.

तवा गार झाल्यावर बघितलं तर त्यावर मधासारखा चिकट थर. होइटने फडकं लावलं, ते तिथेच राहिलं. दहा मिनिटांत पॅटसीचा फोन आला, गोड गोड आवाजात. भट्टी बिघडलीय असं कळलं, काळजी करू नकोस, रविवारी मी माझा पाव जादा करून आणते. नेल्डाने फोन ठेवला आणि भिंतीवर मूठ मारली. कॅलेंडर खाली पडलं.

गुरुवारीही सकाळी होइटने गिरणीत आजारी असल्याचं कळवलं आणि मुकाट बर्लकडे गेला. बर्लने तोंड बंद ठेवण्याच्या बदल्यात पुढच्या मोसमातले पहिले दहा मासे मागितले आणि मग खरं काय ते सांगितलं. तेल नको, डुकराची चरबी घे. नखाएवढी लाव, आणि लावलेली सगळी पुसून काढ. फडक्याला काही लागेनासं झालं की तवा भट्टीत ठेव, पालथा. तासभर. मग भट्टीतच गार होऊ दे. पुन्हा तेच कर. घाई केलीस तर माझ्याकडे येऊ नकोस.

होइटने ते चिकट सगळं खरवडून काढलं आणि नव्याने सुरुवात केली. दिवसाला तीन थर. आणि इथे काहीतरी झालं. माणूस बदलला. रिळाला तेल देताना जसं तोंड करायचा तसं तोंड करून तो भट्टीसमोर खुर्ची टाकून बसला. पहिल्या थराला तवा तांबूस झाला, चौथ्याला तपकिरी. सहाव्याला त्याने नेल्डाला हाक मारून खिडकीपाशी नेलं आणि उजेडात तवा तिरका धरून दाखवला. नेल्डाला ते बघायचं नव्हतं. तिचं डोकं अजून सोमवारीच होतं.

शनिवारी, आठव्या थरानंतर, तिने तवा उचलला, कडेला बोटाचा डाग दिसला आणि सवयीने साबणाच्या बाटलीकडे हात गेला.

"साबण खाली ठेव," होइट म्हणाला.

बावीस वर्षांत त्याने तिला हुकूम सोडला नव्हता. नेल्डाने बाटली ठेवली. मग तिला इतका राग आला की ती डेपोत जाऊन रिकाम्या बसमध्ये अर्धा तास बसून राहिली.

रविवारी ऑर्फा आत्या चार पायांचा वॉकर ठकठकवत चर्चच्या स्वयंपाकघरात आली. वय एक्याऐंशी, आवाज चाळिशीचा. तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. नेल्डाकडून तवा घेतला, चरबी घातली, तापवली, पीठ ओतलं. चर्र. नेल्डा टाचा उंचावून बघू लागली, नऊ वर्षांची असताना बघायची तशीच. वीस मिनिटांनी आत्याने ताटावर तवा पालथा केला, आणि अख्खा पाव सुटून खाली आला. एक कण मागे राहिला नाही. नेल्डाने होइटकडे बघितलं. सुटलो.

आत्याने रिकामा तवा डोळ्यांजवळ नेला. अंगठा फिरवला. मागे झाडाखाली दीडशे माणसं ताटं घेऊन ताटकळली होती आणि पॅटसी दारात उभी होती.

"तवा माझा आहे," आत्या म्हणाली. "वरचं काळं माझं नाही."

नेल्डाला खोटं सुचलंही होतं, पण दारात पॅटसीचं ते गोड तोंड दिसलं आणि तिचं टाळकं सरकलं. खोटं बोलून जिंकायचं तर ते पॅटसीच्या लायकीचं काम. तिने सगळं सांगितलं. मशीन, गंज, धूर, नावेतलं भोक, सगळं. सांगताना ती रडली नाही, फक्त एकेक शब्द आपटत गेली. पॅटसीने छातीवर हात ठेवून अरे देवा म्हटलं, चांगलं ऐकू जाईल असं.

आत्याने होइटला पुढे बोलावलं.

"किती थर?"

"नऊ, आत्याबाई."

"कशाचे?"

"चरबीचे. आधी तेलाचा एक केला होता, तो खरवडला."

"पुसून काढायचास?"

"फडकं कोरडं येईपर्यंत."

आत्याने पुन्हा अंगठा फिरवला. म्हणाली, माझ्या थराचे दहा वर्षं पोपडे निघत होते. खरवडून नव्याने करायला हवं होतं, पण माझा धीर होत नव्हता. मग तिने तवा दोन्ही हातांनी उचलला, नेल्डाच्या समोरून नेला आणि होइटच्या हातात दिला.

"हा ज्याला कळतो त्याचा," ती म्हणाली. "चला, पाव गार होतोय."

पॅटसी म्हणाली, होइट आपल्या घरचा तरी आहे का. कुणी लक्ष दिलं नाही. तवा नेल्डाच्या घरी येत होता, आणि तिचा नव्हता.

घरी आल्यावर होइटने बाह्या सरसावल्या. तव्यात गरम पाणी घेतलं, मिठाने हलक्या हाताने चोळलं, कोरडा केला, शेगडीवर तापवला, नखाएवढी चरबी लावली, पुसून काढली. भिंतीत खिळा ठोकला, त्याच्या उंचीला, आणि तवा टांगला. वापरायचा असेल तेव्हा विचारून घे, असंही म्हणाला, प्रेमाने. मग तो बाहेर नावेच्या बाकाचं भोक बुजवायला गेला.

सिंकमध्ये बाकीची सगळी भांडी तशीच होती. चर्चला नेलेली ताटं, सुऱ्या, पिठाचं भांडं.

नेल्डाने ती एकेक करून मशीनमध्ये लावली. खालचा खण भरला. वरच्या खणात एक जागा उरली. तिने फडताळ उघडलं, मऊ फडक्यात गुंडाळलेला होइटचा रीळ बाहेर काढला आणि त्या जागेत नीट बसवला. साबण दोन चमचे जास्त घातला. मग बटण दाबलं आणि खुर्ची ओढून मशीनसमोर बसली, भट्टीसमोर होइट बसला होता तशीच.