दिवेकरांचा न चालणारा सर्व्हर

मुकुंद दिवेकर यंत्रांना अहो-जाहो करतात. सगळ्याच नाही. नवा फोन, नवा लॅपटॉप, घरभर फिरून केर काढणारी ती चकती, यांना ते सरळ अरे-तुरे करतात आणि वेळ पडली तर शिव्याही घालतात. पण यंत्राने दहा वर्षं ओलांडली की ते दिवेकरांच्या लेखी वडीलधारं होतं. मग "अहो, उठता ना?" असं विचारून ते बटण दाबतात. यंत्र वेळ लावू लागलं आणि आपण चुळबुळ केली, तर आपल्यालाच दटावतात, "घाई करू नका. त्यांना आठवू द्या."

"मला लग्नाच्या दिवसापासून अगं, आणि त्या डबड्याला अहो!" इति मंजिरीवहिनी, म्हणजे सौ. दिवेकर.

हे डबडं म्हणजे दिवेकरांच्या ऑफिसने भंगारात काढलेला एक सर्व्हर. दिवेकरांनी रीतसर परवानगी काढली, ट्रॉलीवर त्याला दोरीने बांधलं आणि टॅक्सीत हादरे बसतील म्हणून आधी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, आणि मग एलआरटीच्या छोट्या गाडीने सेंगकांगला घरी आणलं. मी त्यांच्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहतो आणि नेटवर्कचंच काम करतो, म्हणून ट्रॉलीची दुसरी बाजू माझ्या हातात. एलआरटीत एका चिनी आजीबाईंनी चौकशी केली, "अंकल, दिस वन ओव्हन आह?"

"नो, नो. सर्व्हर. व्हेरी ओल्ड."

"ओल्ड, स्टिल कॅन यूज?"

"कॅन, कॅन!" दिवेकर असे काही खुलले, की आजीबाईंनी सरकून त्यांना जागा दिली. त्या जागेवर दिवेकरांनी सर्व्हर बसवला आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. डब्यातली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो.

इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. तिचं नाव बॉम्ब शेल्टर. बॉम्ब काही पडत नाही, त्यामुळे लोक तिथे तांदूळ, सुटकेसा आणि आकाशकंदील ठेवतात. वहिनींचे तांदूळ बाहेर आले आणि सर्व्हर आत गेला. चालू केला की तो आधी पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. मग जरा शांत होतो, आणि मग काहीच करत नाही.

कारण त्याच्यात ऑपरेटिंग सिस्टिमच नव्हती. ती घालायची तर त्याचा सीडीचा कप्पा उघडत नव्हता आणि पेनड्राइव्हवरून सुरू व्हायची त्याला सवय नव्हती. "त्यांच्या तरुणपणी ही थेरं नव्हती," दिवेकर म्हणाले. राहिला एकच मार्ग, नेटवर्कवरून घालायची. यात यंत्र उठल्या उठल्या केबलवर हाक मारतं, "कुणी आहे का? माझा पत्ता काय? माझी फाइल कुठे आहे?" दुसऱ्या एखाद्या यंत्राने, इथे दिवेकरांच्या लॅपटॉपने, ओ देऊन दोन्ही द्यायचं, की पुढचं सगळं आपोआप होतं.

दिवेकरांकडे ते होत नव्हतं. सर्व्हर हाक मारी, वाट बघी, आणि फाइल मिळाली नाही असं पडद्यावर लिहून हातपाय गाळी. महिनोन् महिने हेच. गणपतीच्या आरतीला गेलं तरी प्रसादाच्या आधी सर्व्हरची प्रकृती ऐकावी लागे. लोक त्यांना टाळू लागले. मीही लिफ्टऐवजी जिना वापरू लागलो होतो, खोटं कशाला बोलू!

शेवटी एका शनिवारी दुपारी वहिनीच माझ्या दारात उभ्या. "निलेश, सोमवारी टाउन कौन्सिलची माणसं जुनं सामान न्यायला येतायत. मी मुकुंदला सांगितलंय, उद्यापर्यंत चालू झालं तर राहील, नाहीतर जाईल. तो नुसता मान हलवतो रे. तुला जमतंय का बघ. त्याचा जीव आहे त्याच्यावर."

मी गेलो. दिवेकर खाली दूध आणायला गेले होते. शेल्टरमध्ये केबल जोडायची एक छोटी डबी होती. तिच्यात सर्व्हरची, लॅपटॉपची आणि घरच्या राउटरची अशा तीन केबली होत्या. मी कपाळावर हात मारला. सर्व्हरने हाक मारली की लॅपटॉपच्या आधी राउटर ओ देत होता. पत्ता तोच देई, पण फाइल त्याच्याकडे कुठून असणार? आमच्या धंद्यात ही चूक नवखा पोरगा पहिल्या आठवड्यात करतो आणि दुसऱ्यात सुधारतो. दिवेकरांचं उभं आयुष्य या केबलींत गेलं, आणि त्यांना हे दिसू नये?

मी राउटरची केबल उपटली. बटण दाबलं. सर्व्हर घरघरला, त्याने हाक मारली, लॅपटॉपने ओ दिली, आणि पडद्यावर भराभर ओळी धावू लागल्या. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दिवेकर दारात आले.

त्यांनी पडदा पाहिला. दूध खाली ठेवलं. पुढे होऊन सर्व्हर बंद केला आणि राउटरची केबल पुन्हा होती तिथे खोचली.

"अहो दिवेकर, चूक तीच आहे!"

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळली होती."

मग सुटकेसवर बसून ते जमिनीकडे बघत बोलू लागले. त्यांचे वडील वाईला थोरल्या भावाकडे असतात. नोकरी सगळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. अलीकडे त्यांची आठवण जात चालली आहे. व्हिडिओ कॉलवर ते दिवेकरांना ओळखत नाहीत. नमस्कार करून गप्प बसतात. एकदा बोलायला काही सुचेना, म्हणून दिवेकरांनी या सर्व्हरचं रडगाणं सांगितलं. बाबा एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "लाइनवर आणखी कोण आहे?"

"तेव्हापासून दर रविवारी ते हा बिघाड शोधून काढतात," दिवेकर म्हणाले. "दर वेळी पहिल्यांदा. पाऊण तास बोलतात माझ्याशी. कॉल संपला की मी सगळं बंद करून केबल परत खोचतो. हे चालू झालं, तर मी त्यांच्याशी बोलू काय?"

वहिनी रविवारी सकाळी मुलांचा मराठीचा वर्ग घेतात, त्यामुळे त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. "दुसरा बिघाड सांगायचा," मी अडाण्यासारखं बोललो.

"सांगून पाहिला. नाही लागत त्यांना. मग चिडतात, घाबरतात. हा लागतो."

मला फार वाईट वाटलं. वहिनींनी टाउन कौन्सिलला फोन लावला आणि सर्व्हर राहू द्या, चपलांचं कपाट न्या, असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सुट्टी दिली. आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो. फोनच्या पडद्यावर बाबा आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. दिवेकरांनी तक्रार सांगितली. बाबांनी आधी वीज विचारली, मग जोडण्या विचारल्या, एकदा मध्येच धागा सुटला, तेव्हा दिवेकर चुपचाप थांबले. मग बाबांनी बोट वर केलं.

"हाक एकाला मारताय आणि ओ दुसराच देतोय! तो मधला काढा."

दिवेकरांनी केबल काढली. ओळी धावू लागल्या. त्यांनी फोन सर्व्हरसमोर धरला. "चालू झालं! कमाल केलीत तुम्ही!" वहिनींनी पदराने डोळे पुसले.

बाबा खुर्चीत मागे रेलले. "अहो, अवघड नव्हतं काही. घरी विचारायला कुणी नाही का तुम्हाला? वडील काय करतात?"

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते."

"अरे वा! मग त्यांना विचारायचं की!"

"विचारतो ना," दिवेकर म्हणाले. "दर रविवारी विचारतो."

"विचारत जा," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं."